भागीदार की भागधारक?

प्रश्न आहे: 'कंपनीच्या अल्पसंख्य भागीदारांनी न्यायाधिकरणात धाव घेतली' ही बातमीतली ओळ बरोबर का?

चूक. आणि ही चूक रोज छापून येते. भागीदार पेढीचे असतात, 1932 च्या भागीदारी कायद्यातले. पेढीचे कर्ज त्यांच्या घरादारापर्यंत येते. कंपनीत असतात ते भागधारक. शेअरची पूर्ण रक्कम भरली की ते मोकळे.

आता व्युत्पत्ती, कारण खरी मौज तिथे आहे. फारसी 'दाश्तन' म्हणजे बाळगणे, धरणे. त्यातला 'दार' आणि संस्कृत 'धृ'पासूनचा 'धारक' एकाच मुळाचे. इराणी शाखेत महाप्राण गळाला: 'भूमि'ची 'बूम' झाली, 'भ्रातृ'चा 'बरादर', तसाच 'ध'चा 'द'. म्हणजे भागीदार आणि भागधारक ही जुळी भावंडे! 'दार' परका म्हणून हाकला आणि त्या जागी 'धारक' बसवा, असे बजावणाऱ्या शुद्धीवाद्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते.

अर्थ मात्र फाकले, आणि माझ्या मते ते आपल्या जुन्या कारभारामुळे. किल्लेदार, ठाणेदार, वतनदार, जबाबदार: इथे 'दार' म्हणजे नुसता बाळगणारा नव्हे, ज्याच्याकडे जाब मागता येतो तो. 'धारक' फक्त बाळगतो: परवानाधारक, शिधापत्रिकाधारक. बँकेतला 'खातेदार' या नियमात बसत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. गावच्या दप्तरातला खातेदार जमिनीचा सारा देणे लागतो. बँकेने शब्द तिथून उचलला असावा.

हा फरक कोर्टात निकाल फिरवतो. टाटा समूहाची मुख्य कंपनी टाटा सन्स. तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणात गेलेल्या मिस्त्री गटाचे साधे शेअर 18.37 टक्के. पण प्राधान्य शेअर (ज्यांना लाभांश आधी मिळतो) धरले तर एकूण भांडवलात 3 टक्केही नाहीत, म्हणून अशी तक्रार करण्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम 244 ने घातलेली एक दशांशाची अट आड आली आणि आधी तिच्यातून सवलत मागावी लागली. पुढे ही कंपनी मुळात भागीदारीसारखीच आहे, असा त्यांचा एक मुद्दा होता. 26 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: कंपनी 1917 ची, मिस्त्रींचे शेअर 1965 पासूनचे. उलट 1972 मध्ये इंग्लंडात इब्राहिमी या व्यापाऱ्याचे असेच म्हणणे टिकले. ते आणि नझर आधी पेढीतले भागीदार, 1958 मध्ये त्यांनी कंपनी केली. पुढे इब्राहिमींना संचालकपदावरून काढले, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने (तिथले त्या वेळचे सर्वोच्च न्यायालय) कंपनीच गुंडाळण्याचा, अपिलात रद्द झालेला आदेश पुन्हा लागू केला. त्यांचा धंदा इराणी गालिच्यांचा!

'अल्पसंख्य'ही खटकतो. तो माणसे मोजतो. कंपनीत मतमोजणी मागितली की शेअर मोजले जातात. 'अल्पमतातल्या भागधारकांनी' असे लिहा.