जुन्या वाड्याची सागवानी खिडकी फ्लॅटमध्ये सजावटीसाठी कशी लावावी?

गजांसकट अशी खिडकी फार जड असते. जिप्समच्या पार्टिशनवर नकोच; विटांच्या भिंतीत अँकर बोल्ट मारून टांगा.

लाकडाच्या बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. मास्क लावून, वॉटर पेपरने ओलं घासा. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. (तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.)

गजांमागे आरसा बसवला की अंधारा पॅसेजही उजळतो. कडी-कोयंडा मात्र मूळचाच ठेवा, चकचकीत करू नका. मला तो काळपट लोखंडी रंगच सर्वांत आवडतो.