तिथीची पाऊणपट

प्रिय पोरी,

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेला गोव्याच्या सहलीचा तक्ता बघितला. सहा दिवसांत अकरा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ, शेवटच्या रकान्यात खर्च. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात मी तीस वर्षं हिशेब लिहिला, त्यामुळे रकाने बघून जीव सुखावतो माझा. पण खरं सांगू? हा तक्ता सुट्टीचा नाही, डिस्पॅचचा आहे. सकाळी एक किनारा, दुपारी दुसरा, मध्ये जंगल, रात्री बस. तू माल नाहीस गं.

जुनी नोकरी सुटली, नवी लागायला नऊ दिवस आहेत. असे नऊ दिवस पुन्हा कधी मिळतील कोण जाणे. म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्ये मध्ये "हो काकू, हो काकू" करतेस आणि ऐकत नाहीस.

माझं ऐकशील तर एकच तालुका धर, काणकोण. गोव्याचं दक्षिण टोक, त्याच्या पलीकडे कारवार. तिथे पाळोळ्याचा किनारा आहे, त्याला लागून पाटणे, वर आगोंद, खाली गालजीबाग. आणि आत दहा-बारा किलोमीटरवर खोतीगावचं अभयारण्य. समुद्रात पाय बुडवून आलेली मुलगी दुसऱ्या सकाळी दाट झाडीत उभी राहू शकते, तेही सामान न हलवता. पाळोळ्यात किंवा पाटण्यात एक झोपडी घे आणि सहाही रात्री तिथेच राहा. अकरा ठिकाणांवर काट मार.

आता जायचं कसं. आपल्या सोलापूरहून गोव्याचं विमान 2025 मध्ये सुरू झालं, पण ते उतरवतं मोप्याला, म्हणजे अगदी उत्तरेला, आणि तुला जायचंय दक्षिणेला. त्यापेक्षा रेल्वेने विजयपूर, गदग करत हुबळी गाठ, आणि तिथून दिवसाउजेडी लोंढा, कॅसलरॉकवरून उतरणारी गाडी पकड. घाटात दूधसागर दिसतो, जानेवारीत पाणी कमी असतं तरी दिसतो. मडगावला उतरलीस की कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसने करमल घाटातून काणकोणचा बाजार, चावडी. तिथून पाळोळे दोन-तीन किलोमीटर. रिक्षावाला जास्त सांगेल, थोडी घासाघीस कर, आपल्या मंगळवार बाजारात करतेस तशीच.

जायचं सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा बघून, म्हणजे संक्रांतीनंतर. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत तिथले भाव आभाळाला टेकतात. संक्रांत झाली की खाली येतात, आणि आठवड्याभराचं एकदम ठरवलंस तर आणखी उतरतात. समुद्रासमोरच्या रांगेतली झोपडी घेऊ नकोस, मागच्या रांगेतली घे. लाटा तिथेही तेवढ्याच ऐकू येतात. झोपडीला आतून कडी नीट लागते का बघ, आपलं कुलूप ने, मच्छरदाणीला भोकं आहेत का ते पैसे देण्याआधी तपास. शक्यतो घरचं माणूस राबतं अशी जागा निवड. सकाळी मालकीणबाई अंगण झाडताना दिसली की मी निम्मी निश्चिंत होते. या झोपड्या पावसाळ्याआधी मोडून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा उभारतात, त्यामुळे मागच्या वर्षीचे फोटो बघून भरवसा धरू नकोस.

सामानाबद्दल तुझी आई म्हणाली, चादर देऊ का. देऊ नको म्हणाले. सोलापुरी चादर आपला मान आहे, पण ती पाठीवर वाहायची चीज नाही. टेरी टॉवेलही नको, आणि हे मी सांगतेय, जिचं घर टॉवेलवर चाललं. आपल्याकडे गच्चीवर कपडे टाकले की जिना उतरेपर्यंत वाळतात. तिथे हवाच ओली असते. मी पहिल्या खेपेला कौतुकाने कारखान्यातला जाड टॉवेल नेला होता. तो तिसऱ्या दिवशीही दमट होता, चौथ्या दिवशी वास मारायला लागला, आणि परत येताना सगळ्या बॅगेला तो वास. तेव्हा दोन सुती पंचे ने. अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, वाळूत अंथरायला, सगळ्याला पुरतात.

शेंगाचटणी देते मी. कडक भाकरीही देते, पण डब्याचं झाकण घट्ट लाव. एकदा मी उघडा डबा रात्रभर टेबलावर ठेवला, सकाळी भाकरीचं चामडं झालं होतं. तिथलं जेवण मात्र तिथलंच खा. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत सगळ्या जगाचं खाणं मिळतं आणि कुठलंच धड नसतं (हे माझं मत, तुझ्या वयाला पटणार नाही). चावडीच्या बाजारात सकाळी पातळ भाजी आणि पाव खा, दुपारी मासळीची थाळी, नाहीतर शाकाहारी. बोलायला कोकणी येत नाही म्हणून लाजू नकोस. सावकाश मराठी बोल, त्यांना कळतं, आणि निघताना "देव बरें करूं" म्हण. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी एकाच दुकानात ऐकत वाढलेल्या मुलीला हे सांगायला नको खरं तर.

आता माझ्या फजितीचं सांगते. पत्र लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक छोटं बेट आहे. ओहोटीला मधलं पाणी इतकं ओसरतं की घोट्याएवढ्या पाण्यातून चालत पलीकडे जाता येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते, एकटी, पाठीवर भाच्याची कॉलेजची बॅग. सकाळी चहा पिऊन निघाले, चप्पल हातात घेऊन पलीकडे गेले, खडकाच्या सावलीत बसले, पुस्तक काढलं आणि झोपले. जाग आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. जिथून आले तिथे वाळूच नव्हती. पाय घातला तर कमरेच्या वर पाणी, आणि ते स्थिर नव्हतं, बाजूला ओढत होतं. मला पोहता येतं, पण ते विहिरीतलं पोहणं. मागे फिरले आणि खडकावर बसून राहिले. त्यात संकष्टी होती. उपास. बॅगेत एक केळं आणि अर्धी बाटली पाणी.

दीडच्या सुमाराला एक म्हातारा होडीवाला जवळून चालला होता, त्याला टॉवेल हलवून बोलावलं. होडीत घेतल्यावर त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?"

म्हटलं, संकष्टी.

"म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट किती?"

तीन.

"मग तीनला भरती. आमच्या इथे त्याच्या जरा आधीच. सकाळी हे करून निघायचं होतं."

मी हसले की रडले आठवत नाही. अगं, दाते पंचांग आपल्या सोलापुरातच निघतं, शंभराहून जास्त वर्षं. आमच्या देवघराशेजारी खिळ्याला ते कायम लटकलेलं असतं. मी त्यात एकादशी बघायची, लग्नाचे मुहूर्त बघायची. ज्या गावाला समुद्र माहीत नाही त्या गावात छापलेल्या वहीत समुद्राचं वेळापत्रकही आहे, हे मला त्या होडीत कळलं.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घे, शुक्ल असो की कृष्ण, एक ते पंधरा. त्याची पाऊणपट कर. येईल त्या वाजता भरती पूर्ण, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्याच्या मधोमध, साधारण सहा तासांनी, ओहोटी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरलेलं आणि बाराला उतरलेलं. हा ठोकताळा मुंबईकडचा, काणकोणात पाऊण-एक तास आधी धर. दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात, तेव्हा उधाण, पाणी लांब वर येतं आणि लांब खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. मोबाइलवर नेमकं कोष्टक मिळतं, ते बघच. पण तिथीचा हिशेब डोक्यात असला की सकाळी उठताच दिवस कसा जाणार ते दिसतं. मग तुला तक्ता लागत नाही. ओहोटी सकाळी असेल तर किनाऱ्याने चालायचं, खडकांतल्या डबक्यांत खेकडे बघत. भरती दुपारी असेल तर झोपायचं. निवांत म्हणजे रिकामं नव्हे, हे मी त्या सहा दिवसांत शिकले, तेही केळ्याच्या उपासावर.

पाण्यात उतरताना दोन झेंड्यांच्या मधेच उतर, लाल-पिवळे असतात. नुसता लाल असेल तर उतरूच नकोस, जीवरक्षकाशी वाद घालू नकोस. फुटणाऱ्या लाटांच्या मधे एखादा शांत, गडद पट्टा दिसतो आणि वाटतं इथे बरं आहे. तिथेच पाणी आत खेचत असतं. सापडलीस तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पड, मग वळ. पाळोळ्याची खाडी त्यातल्या त्यात सौम्य. आगोंदला ओढ जास्त, तिथे गुडघ्यापर्यंत पुरे.

आगोंद आणि गालजीबागला थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. वनखातं घरट्यांना कुंपण घालतं. बघायला जा, पण टॉर्च आणि फ्लॅश नको. पिल्लं उजेडाकडे धावतात, आणि समुद्राऐवजी हॉटेलाच्या दिव्याकडे गेलेलं पिल्लू वाचत नाही.

जंगलासाठी एक पूर्ण दिवस ठेव, तोही पहाटे उठून. खोतीगाव 1968 पासून अभयारण्य आहे, साधारण 86 चौरस किलोमीटर, मधून तळपण नदी जाते, आत वेळीप आणि कुणबी लोकांची वस्ती आहे. दारात नाव नोंदवायचं, पायवाटांच्या लांबीची चौकशी करायची, आणि रिक्षावाल्याला परतीचंही ठरवून ठेवायचं, कारण तिथे बसची वाट बघत बसलीस तर संध्याकाळ होईल. उंच झाडावर एक मचाण आहे, शिडी हलते, घाबरू नकोस किंवा घाबर आणि चढू नकोस. गवा दिसेल, बिबट्या दिसेल अशा आशेने गेलीस तर रागावून परत येशील. मला तीन खेपांत गवा एकदाही दिसला नाही. दिसलं ते हे: एका खोडावर सालीच्याच रंगाचा बोटभर सरडा. मी त्याला साल समजले होते. मग त्याच्या गळ्याखालून पिवळंधमक पातं बाहेर आलं, मिटलं, पुन्हा आलं, मादीला खुणावत असावा. आणि एकदम बरगड्यांची कातडी पंख्यासारखी पसरून तो समोरच्या झाडावर तरंगत गेला. आवाज काही नाही. पाच मिनिटं मी तिथेच. धनेश मात्र आधी ऐकू येतो, पंखांचा फस्स फस्स आवाज वरून जातो, मग मान वर करायची.

वाटेवर पायमोज्यांत खोचलेली पूर्ण पँट घाल, हाफ पँटची हौस किनाऱ्यावर भागव. गोचिडांसाठी सांगतेय. सह्याद्रीच्या या पट्ट्यात गोचीड चावून होणारा माकडताप आहे. 1957 मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, पुढे गोव्यात सत्तरीत आणि आपल्याकडे दोडामार्गातही रुग्ण सापडले. कोरड्या महिन्यांतच त्याचा जोर असतो. पालापाचोळ्यात बसू नकोस, मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नकोस, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपास, कपडे वेगळे ठेव. घरी आल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी जंगलात गेले होते हे सांग, मग बाकीचं.

स्कूटर घेतलीस तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घे, तीच भाड्याची अधिकृत. एकटी आहेस हे प्रत्येकाला सांगत सुटू नकोस, "मैत्रिणी मागून येताहेत" हे वाक्य मी पन्नाशीतही वापरते. रात्री दहानंतर किनाऱ्याच्या अंधाऱ्या टोकाला जायचं नाही. झोपडीचा पत्ता आईला दे आणि रोज रात्री एक ओळ पाठव. फोटो नको, ओळ.

एक दिवस कुठेही जाऊ नकोस. तो कुठला, ते तुझं तूच ठरव.

रविवारी घरी ये. पंचांगाच्या त्या पंधरवड्याच्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली आहे, भरतीच्या वेळा पेन्सिलने शेजारी लिहिल्यात, आणि बेटावर जायला बऱ्या सकाळी दोनच आहेत, त्यांना गोल केलाय. चटणी शनिवारी कुटते. डबा स्टीलचा आहे, तो परत आण, झाकणासकट.

तुझी,
काकू