नंदुरबारच्या लहान रुग्णालयात भुलीसाठी बेन सर्किट घ्यावे की सर्कल?

प्रौढांच्या लांबणाऱ्या शस्त्रक्रिया होत असतील तर सर्कल सर्किट घ्यावे, आणि बेन पर्यायी म्हणून हाताशी ठेवावे. सर्किट म्हणजे भूलयंत्र आणि रुग्ण यांच्यात वायू नेणारी-आणणारी नळ्यांची रचना. मी जळगाव जिल्ह्यात भूलतज्ज्ञ म्हणून दोन्ही वापरतो. बेन हे मेपलसन डी प्रकारचे, म्हणजे शोषक नसलेल्या सर्किटांच्या मेपलसन वर्गीकरणातल्या ‘डी’ गटातले सर्किट आहे. आतल्या बारीक नळीतून ताजा वायू रुग्णापर्यंत जातो, उच्छ्वास बाहेरच्या नळीतून परततो, आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारे काहीच नसल्याने तो ताज्या वायूच्या जोरावरच बाहेर ढकलावा लागतो. म्हणून ६० किलोच्या रुग्णाला कृत्रिम श्वास देताना मिनिटाला सुमारे ४ लिटर वायू लागतो. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल तर ९ ते १२ लिटर. सर्कलमध्ये एकदिशा झडपा आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइम असल्यामुळे उच्छ्वासातील वायू शुद्ध होऊन पुन्हा वापरला जातो, आणि भूल स्थिरावल्यावर १ लिटरही पुरतो. धडगावसारख्या ठिकाणी, जिथे ऑक्सिजनचे सिलिंडर घाटातून चढवावे लागतात, हा फरक फार मोठा आहे.

मात्र इतका कमी प्रवाह ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे चालू असतील तरच ठेवावा. ती नसतील तर प्रवाह वाढवावा. बेन वापरताना आतली नळी यंत्राकडील टोकाला निसटली नाही ना, हे प्रत्येक रुग्णाआधी तपासावे, कारण ती निसटल्यास बाहेरची संपूर्ण नळी मृत अवकाश बनते आणि रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेतो.