सासऱ्यांचा आवाज बारीक झालाय आणि चहा पिताना ठसका लागतो

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना पाच-सहा वर्षं झाली पार्किन्सन्स आहे. आवाज इतका बारीक झालाय की फोनवर काही कळतच नाही, जरा मोठ्याने बोला म्हटलं की चिडतात, म्हणतात मी नीटच बोलतोय, तुमचे कान तपासा. हल्ली चहा-पाण्याचा ठसकाही लागतो, जेवण मात्र बरं जातं. वयामुळे असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, वयावर ढकलू नका, दोन्ही गोष्टी आजारामुळेच असण्याची शक्यता जास्त आहे. आणि ते हट्ट करत नाहीयेत हो, या आजारात स्वतःच्या आवाजाचा अंदाजच चुकतो, त्यांना खरंच वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवा, बऱ्याच जणांना तेव्हा पटतं. यासाठी एलएसव्हीटी लाउड नावाची थेरपी आहे, आठवड्यातून ४ दिवस, रोज तासभर, असे ४ आठवडे, शिवाय घरचा सराव. त्यात मुद्दा एकच, मोठ्याने बोलायचं.

पण मला जास्त काळजी ठसक्याची वाटते. पातळ पदार्थ घशातून भरकन जातात, गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, मग थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. काही जणांना तर ठसकाही लागत नाही, म्हणून पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा-ओला येतो का, वजन उतरतंय का, मधूनच ताप येतो का बघा. न्यूरॉलॉजिस्टना हे सगळं सांगा आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, लागली तर व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणजे गिळतानाचा एक्स-रे करतात. पाणी घट्ट करायची पावडर मिळते पण ती तपासणीनंतरच, सगळ्यांना लागत नाही आणि घट्ट केलेलं पाणी कमी प्यायलं जातं.

तोवर एवढं करा. आपल्याकडे तांब्या वर धरून मान मागे टाकून पाणी प्यायची सवय असते ना, ती आधी बंद! ताठ बसवून, कपाने, छोटे घोट. दुधात चुरमुरे, पातळ आमटीत भाताची शितं असं पातळ आणि घट्ट एकत्र नको. जेवताना टीव्ही बंद, त्यांना बोलायलाही लावू नका, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दात-तोंड रोज स्वच्छ हवं, तोंडातले जंतूच छातीत जातात.

लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवरच्या नेहमीच्या औषधाची) गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास दिली तर बऱ्याच जणांना गिळायला सोपं जातं, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळीच्या नावापुढे सीआर (CR, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर कुटून देऊ नका, गिळता येत नसेल तर डॉक्टर बदलून देतील.