पहाटे तीन वाजताची प्रार्थना

वाचकांचे प्रश्न या सदरात यंदा सोलापूरची पाच पत्रं घेतली आहेत. पाचही पत्रांचा विषय काळजी, प्रार्थना आणि आभार असा एकच असला तरी प्रत्येकाची अडचण निराळी आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी विड्या वळते. वय ४८. काम कमी झालंय, मुलगा पुण्यात नोकरी शोधतोय, घरमालकानं भाडं वाढवलंय. रोज पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते, घाम येतो. मी उठून तासभर प्रार्थना करते, पण ‘आमेन’ म्हणते तेव्हा आधीपेक्षा जास्त घाबरलेली असते. माझ्या प्रार्थनेत काय चुकतं?
— एक भगिनी, अशोक चौक

उत्तर : ताई, विश्वास कमी पडतोय असं मनात आणू नका. चुकतेय ती वेळ आणि पद्धत. अंधारात डोळे मिटून बसलं की मन भाड्याकडं धावतं. ‘प्रभू, भाडं कुठून देऊ? खोली खाली कर म्हणाले तर? पोराचं जमलं नाही तर?’ शब्द प्रार्थनेचे असतात, उजळणी मात्र काळजीची चालते. तासभर उजळणी केल्यावर काळजी पाठच होणार.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सहावं वचन तुम्हाला तोंडपाठ असेल. प्रेषित पौलानं ते कैदेत असताना लिहिलं. त्यातला एक शब्द आपण घाईत ओलांडतो : आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला ‘कळवा’. कळवणं म्हणजे अर्जात करतो तसं. काय हवंय, कधीपर्यंत हवंय, एवढं सांगायचं आणि कागद पुढं सरकवायचा. ‘पोराचं कसं होणार’ ही मागणी नव्हे. ‘बुधवारी मुलाखत आहे, त्याला न अडखळता बोलता येऊ दे’ ही मागणी.

म्हणून जड प्रार्थना पहाटेतून काढून संध्याकाळी आणा. माल देऊन आल्यावर वीस मिनिटं ठरवून घ्या. झोपायच्या आधीचे दोन तास मात्र टाळा. शंभर पानी वही पुरे. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडं काळजी एका ओळीत लिहा आणि उजवीकडं तिची मागणी एका ओळीत. खाली आपल्या हातात असलेलं एक काम लिहा : ‘उद्या घरमालकांना विचारायचं, वाढीव पैसे दोन हप्त्यांत चालतील का.’ हातात काहीच नसेल तर तसंही लिहा आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ५:७ मोठ्यानं वाचा : ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका.’ मग त्या दिवसातल्या एका बारीकशा गोष्टीचे आभार माना आणि वही मिटा. लिहिणं जड जात असेल तर तीन चिंचोके घ्या. एकेक मागणी सांगायची आणि एकेक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा.

दिवसाला तीनच विषय घ्या. चौथा उद्याचा. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ हे येशूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंच आहे. बहुतेकांचं इथंच बिनसतं. पहिल्या दिवशी पंधरा विषय लिहितात, चौथ्या दिवशी वही कपाटावर जाते. निदान दोन आठवडे नेटानं करा. दिवसभरात काळजी डोकावली की तिला सांगायचं, वहीत लिहिलंय, संध्याकाळी बघू. मानसोपचारातही काळजीला अशी नेमून दिलेली वेळ वापरतात, आणि कारण तेच आहे : काळजीला हाकलून लावलं की ती दुप्पट जोरानं येते, वेळ दिली की थांबते.

तरी पहाटे जाग आलीच तर घड्याळ आणि मोबाइल बघू नका. उठून भिंतीला पाठ टेकून बसा. दिवसभर सुपावर वाकून बसल्यानं छाती आवळलेली असते, ती आधी मोकळी होऊ द्या. नाकानं सावकाश श्वास घेताना मनात चार आकडे मोजा, सोडताना सहा. लय बसली की आकड्यांच्या जागी वचन आणा. श्वास आत घेताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, बाहेर सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. असे तीस श्वास म्हणजे पाच मिनिटं. या वेळी मागणी करायची नाही, संध्याकाळी ती कळवून झाली आहे. श्वास खोल, भराभर ओढू नका. त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. तंबाखूच्या धुळीनं दम लागत असेल तर श्वास रोखून धरू नका.

आणखी दोन गोष्टी, ज्या प्रार्थनासभेत कुणी बोलत नाही. रात्री मशेरी लावत असाल तर आधी ती सोडा, कारण तंबाखूतलं निकोटिन छातीचे ठोके वाढवतं. दुसरं असं की ४८व्या वर्षी घाम, धडधड आणि पहाटेची जाग पाळी जाण्याच्या काळातलीही असू शकते. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी छाती अशीच धडधडते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर आहे. दोन महिने माग आठवड्यातून चारच दिवस चालतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगतात, प्रत्येक गोष्टीबद्दल आभार माना. पगार निम्म्यावर आलाय, त्याचे आभार कसे मानू? ओठांनी म्हणतो, पण आत खोटं वाटतं.

उत्तर : भाऊ, खोटं वाटतं ते बरंच आहे. निम्म्या पगाराचे आभार मानायची सक्ती तुमच्यावर नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा असं आहे. स्थितीत राहून आभार मानणं वेगळं आणि त्या स्थितीचे आभार मानणं वेगळं. कुणी इफिसकरांस पत्रातलं ५:२० पुढं करेल, तिथं ‘सर्व गोष्टींबद्दल’ असे शब्द आहेत. त्या भावाला योहानाचा अकरावा अध्याय उघडायला सांगा. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडं जाताना येशू रडला (वचन ३५), आणि सहाच वचनांनी पुढं, बापानं आपलं ऐकलं म्हणून त्यानं आभार मानले. लाजर मेला म्हणून आभार मानले नाहीत. रडणं आणि आभार एकाच प्रसंगात, एकाच तोंडून आले.

म्हणून आधी तक्रार करा. स्तोत्र १३ साच्यासारखं वापरा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ असा सरळ जाब विचारलाय, पुढच्या दोनांत मागणी आहे, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. पहिली दोन गाळून एकदम पाचव्यावर उडी मारली की आभार पोकळ निघतात. तुमचं तेच होतंय.

आता आभार लिहायचे कसे ते बघा. ‘आरोग्य, कुटुंब, अन्न’ अशी यादी आठ दिवसांत बोथट होते. एक पूर्ण वाक्य लिहा, त्यात कुणी, काय आणि कधी केलं ते येऊ द्या. ‘पाण्याबद्दल आभार’ असं नको. ‘नळाला पाचव्या दिवशी पहाटे चारला पाणी आलं, शेजारच्या मावशींनी कडी वाजवून उठवलं, दोन्ही पिंपं भरली’ असं लिहा. वाक्यात कडीचा आवाज आला की मन तिथं परत जाऊन येतं. तेवढा वेळ ते पगारावर नसतं.

हे किती वेळा करायचं? २००३ साली अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटानं आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी, दहा आठवडे लिहिल्या होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा ती माणसं आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळली. सवय लागेपर्यंत दोन आठवडे रोज रात्री तीन वाक्यं लिहा, मग फक्त शनिवारी पाच. रोजचं ओझं झालं की आभारही कामाच्या पाळीसारखे वाटायला लागतात.

एक आभार मात्र लिहू नका : ‘शेजारचा माग तर पूर्ण बंद पडलाय, माझा निदान चालतोय.’ मंदिरात उभं राहून ‘मी इतरांसारखा नाही’ म्हणून आभार मानणारा परूशी लूकच्या अठराव्या अध्यायात आहेच, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. शिवाय अशा तुलनेतून काळजी जात नाही. शेजाऱ्याचा बंद पडला तसा आपलाही पडेल, हे मनाला लगेच सुचतं.

प्रश्न : डॉक्टरांनी चिंतेच्या आजारावर गोळ्या दिल्यात. तीन आठवडे झाले, फारसा फरक नाही. प्रार्थनागटातले म्हणतात, गोळ्या बंद कर, विश्वासानं बरी होशील. काय करू?

उत्तर : गोळ्या बंद करू नका. अशा बऱ्याच गोळ्यांचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, तुमचे तीनच झालेत. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो आणि लोक म्हणतात, बघा, आजार उलटला. कमी करणं, बदलणं, थांबवणं हे सगळं डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्यानं. झोपेसाठी किंवा धडधड लगेच थांबावी म्हणून वेगळी गोळी दिली असेल तर ती किती दिवस घ्यायची हे मुद्दाम विचारा, कारण त्यातल्या काहींची सवय लागते.

गटातल्या मंडळींना १ राजे, अध्याय १९ वाचायला सांगा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. देवाची मंद वाणी त्यानंतर, बऱ्याच पुढं येते. पौलाच्या सोबत्यांतला लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. त्यानं ते काम सोडावं असं पौल कुठंही सांगत नाही.

जीव द्यावासा वाटला, दोन-तीन रात्री अजिबात झोप आली नाही किंवा खाणंपिणं सुटलं, तर सभेची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे. सोबत कुणाला तरी न्या.

प्रश्न : मी स्पर्धापरीक्षेची तयारी करतो. प्रार्थनेत एखादा शब्द चुकला किंवा मन भरकटलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, नाहीतर आईला काही होईल असं वाटतं. कधी वीस-पंचवीस वेळा होतं.

उत्तर : तुझी भक्ती खरी आहे, पण हे जे होतंय ते भक्तीतून येत नाही. हा मंत्रचळेपणाच्या आजाराचा (ओसीडी) प्रकार दिसतो. तो धर्माच्या कपड्यात येतो म्हणून ओळखायला उशीर होतो. येशूनं अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थनेत तेच शब्द तीनदा म्हटले, तेव्हा पुन्हा म्हणणं हा दोष नाही. तो कळवळून म्हणत होता, तू धास्तीनं म्हणतोस, हा फरक. प्रत्येक आवर्तनानं धास्ती पाचएक मिनिटं उतरते आणि मेंदू शिकतो की पुन्हा म्हटलं म्हणूनच आई वाचली. प्रार्थना एकदाच म्हण, चुकीसकट ‘आमेन’ म्हण आणि उठ. नंतरची अस्वस्थता अर्धा-पाऊण तास चढेल, मग आपोआप उतरेल. ती उतरवायला पुन्हा प्रार्थना करायची नाही. यासाठी मानसोपचारात खास पद्धत आहे, मनोविकारतज्ज्ञाला महिनाभरात भेट. पाळकांनाही सांग, म्हणजे ‘आणखी प्रार्थना कर’ असा सल्ला मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाची गुरुवारची प्रार्थनासभा असते. प्रार्थनाविषय मागितले की तास निघून जातो, आणि शुक्रवारी तेच विषय अख्ख्या गल्लीत फिरतात. बायका आता खरं बोलतच नाहीत.

उत्तर : विषय तोंडी मागू नका. पोस्टकार्डाच्या निम्म्या मापाच्या चिठ्ठ्या करा. नाव नाही, एकच ओळ, आणि ती मागणीच्या रूपात : ‘सुनेशी बोलताना माझा आवाज चढू नये.’ सुनेनं काय केलं ते लिहायचं नाही. गोष्ट गाळली की चघळायला काही उरत नाही. सात-आठ जणींचा एक गट ठेवा. पंधरा-वीस जणी एकत्र बसल्या की दोघीतिघीच बोलतात. चिठ्ठी वाचणारीनं ती वाचून अर्धा मिनिट शांत राहायचं आणि दोन वाक्यांत प्रार्थना करायची. प्रार्थनेत सल्ला घुसडायचा नाही. ‘प्रभू, या बहिणीला समज दे की तिनं नवऱ्याचं ऐकावं’ ही प्रार्थना नव्हे, देवाच्या पाठीआडून मारलेला टोमणा आहे.

आभारासाठी स्तोत्र १३६ घ्या. सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच पालुपद : ‘त्याची दया सनातन आहे.’ एकीनं वरची ओळ वाचायची, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. सव्विसावं संपलं की न थांबता आपल्या ओळी जोडा. ‘एप्रिलच्या उन्हातही टाकीत पाणी उरलं’, सगळ्या : ‘त्याची दया सनातन आहे.’ ‘नातीचा ताप चौथ्या दिवशी उतरला’, पुन्हा सगळ्या. सुरुवातीला दोन-तीनच ओळी येतील, मग लांब शांतता. ती शांतता भरायला अध्यक्षबाईंनी लगेच भजन सुरू करू नये. मिनिटभर थांबलं की कोपऱ्यातली, कधी न बोलणारी बाई बोलते.

सगळं पाऊण तासात उरका. चिठ्ठ्या टोपलीत ठेवून टोपली पुन्हा फिरवा. जिची तिनं उचलायची आणि घरी नेऊन फाडायची.