जुनी ठुशी घ्यावी का?

प्रश्न : सोन्याच्या खाणींमुळे होणाऱ्या हानीबद्दल वाचून नवं सोनं नकोसं वाटतं. सराफाकडे २० ग्रॅमची जुनी ठुशी आहे. घेऊ का?

उत्तर : जरूर घ्या, पण २० ग्रॅम सोन्याचे पैसे मोजू नका. जुन्या ठुशीचे मणी बहुधा पोकळ असून आत लाख भरलेली असते, शिवाय दोरा-गोंडा. एकूण आणि निव्वळ वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. लाख-दोरा ४ ग्रॅम धरला तर उरले १६. सोनं २२ कॅरेटचं असेल तर शुद्ध सोनं जेमतेम १४.६६ ग्रॅम. कस तपासणारं यंत्र वरचा थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा फसवतो. डाग दिलेल्या, म्हणजे तुकडे जोडलेल्या, जागीही तपासायला सांगा. तिथे कस उतरतो. एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, जुलै २०२१ पासून आला. तो नसला म्हणजे दागिना खोटा असं नाही. विक्रेत्याचं नाव असलेलं पक्कं बिल मात्र हवंच. माल चोरीचा निघाला तर पोलीस जप्त करतात.

खाणीचं म्हणाल तर टनभर खनिजातून अनेकदा काही ग्रॅमच सोनं निघतं, तेही सायनाइड वापरून. छोट्या खाणींत पारा वापरतात, आणि जगातलं सर्वाधिक मानवनिर्मित पारा-उत्सर्जन तिथूनच होतं. अर्थात आपल्याकडे जुनं सोनं कचऱ्यात जात नाही, मोडीत जातं. तुमच्या एका ठुशीने खाण थांबणार नाही. पण आटणी, नवी घडणावळ आणि जुना घाट, तिन्ही वाचतात.

घरी आणल्यावर पटवेकऱ्याकडून दोरा बदलून घ्या. उकळत्या पाण्यात धुऊ नका, लाख वितळते आणि मणी चेपतात.