माळ मोडावा का, आणि भोरड्यांचे काय करावे?

प्रश्न : नान्नजजवळ आमची अडीच एकर मुरमाड जमीन आहे. आजोबांच्या काळापासून तिथे गवतच येते, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी नोंद आहे. जेसीबी लावून, तळ्यातला गाळ टाकून तूर करावी म्हणतो. गावातले म्हणतात, तिथे माळढोक पक्षी यायचा, हात लावू नको. काय करू?
(एक शेतकरी, उत्तर सोलापूर)

भाऊ, आधी मातीचे बोलू, पाखराचे नंतर. तुम्ही लिहिता की वीतभर खणले की मुरूम लागतो. एवढ्या मातीत ओल धरून राहत नाही. तूर उभी राहील, पण फुलोऱ्याच्या वेळी पाऊस सरलेला असतो आणि तेव्हाच तिला ताण बसतो. गाळाचा हिशेब तर कागदावर मांडूनच बघा. एका एकरावर वीतभर गाळ पसरायचा म्हणजे सुमारे 800 घनमीटर गाळ लागतो. ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तरी एकरी अडीचशेच्या वर खेपा झाल्या. डिझेल, ट्रॅक्टर आणि जेसीबीचे भाडे, सगळे धरा. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही एखाद्या वर्षी दगा देणारा. कोरडवाहू तुरीतून हा खर्च कधी निघायचा? माझा सल्ला स्पष्ट आहे, हा माळ मोडू नका.

आणि त्याला पडीकही म्हणू नका. पवना, मारवेल, कुसळी ही गवते त्या मुरमात बियाण्याचा, खताचा एक पैसा न मागता येतात. शेळ्यामेंढ्या आणि दोन जनावरे त्यावर वर्षाचे काही महिने काढतात. मारवेल आणि पवना फुलोऱ्यात असताना कापले तर चारा सकस मिळतो. निम्म्या माळावर तेव्हा कापणी करा, निम्मा बी पडेपर्यंत राखा आणि पुढच्या वर्षी बाजू बदला. शिवारातल्या बाकी जमिनीला मी खत-पाणी-वाणाचा सल्ला देतो, या जमिनीला एवढाच.

आता माळढोकाचे. तो तुमच्या गावात का येत होता, हे जुन्या माणसांना विचारा. सत्तरच्या दशकात नान्नजला अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले. गवत गुडघाभर वाढले आणि त्यात माळढोक अंडी घालू लागला. 1979 साली अभयारण्य जाहीर झाले. पुढे त्याच तुकड्यांवर लावलेली गिरिपुष्पासारखी झाडे वाढली, सावली पडली आणि पक्षी बिचकू लागला. शेवटी ती झाडे काढावी लागली. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी लांबवर नजर पोहोचेल तिथेच निर्धास्त राहतो. म्हणून ‘माळ मोकळा आहे, झाडे लावून टाकू’ असे म्हणणाऱ्या हौशी मंडळींना मी नेहमी थांबवतो. माळावर झाड लावणे हे इथे पुण्य नाही.

आता देशभरात मोकळ्या रानात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार त्याला वेळेत दिसत नाही आणि जड अंगाने वळताही येत नाही. थरमध्ये तारांखाली मेलेली पाखरे मोजून भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी अंदाज काढला, की साधारण 4,200 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सर्व जातींचे मिळून वर्षाला 84 हजारांच्या आसपास पक्षी तारांना धडकून मरतात. जैसलमेरकडे 2019 पासून माळढोकांची पैदास केली जाते. 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. पण ती पिल्ले उद्या सोडायची कुठे? मोकळा माळ लागेल. नान्नजच्या गणनेत कधी एखादाच पक्षी दिसतो, हे वाचून मला फार लागते. ज्वारी, भुईमूग, करडई आणि मधूनमधून माळ अशा शिवारात तो वावरायचा. उसाने आणि द्राक्षबागांनी ती जागा घेतली. पाणी आले तर शेतकरी ऊस लावणारच, त्याला मी दोष देणार नाही. पण जिथे पाणी पोहोचत नाही आणि मातीही नाही, तो माळ तरी राहू द्या.

प्रश्न : कुळव धरताना रानात अंडी दिसली. टिटवीची असावीत. माळढोकाचे असेल आणि कळवले, तर जमीन अडकेल का?
(एक शेतकरी भगिनी, करमाळा)

ताई, ही भीती उगाच नाही. 1979 चे अभयारण्य 8,496 चौरस किलोमीटरचे होते, त्यात गावेच्या गावे आणि खासगी शेते आली. खरेदी-विक्री, बांधकाम सगळे अडले आणि लोकांच्या मनात पाखराविषयी अढी बसली. पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. अंडे सापडल्याची खबर दिली म्हणून सातबारा बदलत नाही. अभयारण्य जाहीर करणे ही सरकारची वेगळी, अधिसूचनेची प्रक्रिया आहे.

अंडी चार असतील, टोके आत वळवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके, तर ती टिटवीचीच. मागच्या जूनमध्ये एका रानात मी उभा होतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती आणि अंडी पायाखाली येईपर्यंत मला दिसली नाहीत. भोवती शेळीच्या लेंड्या आणि बारीक खडे रचलेले. गडी काही न बोलता कुळव उचलून पाच पावले पुढे गेला आणि तिथे टेकवला. तेवढा पट्टा हिरवाच राहिला. तुम्हीही तेवढेच करा. अंड्यांजवळ काठी रोवू नका, कावळ्याला ती खूणच होते. खूण बांधावर ठेवा. साधारण चार आठवड्यांत पिल्ले निघतात आणि त्याच दिवशी चालू लागतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, असे आपले म्हातारे सांगतात. तुमची कुठे आहेत तेही कळवा.

माळढोकाची मादी मात्र बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि सुमारे 27 दिवस एकटीच उबवते. ती उठली की कावळा, मुंगूस, कुत्रा टपलेलेच. मोठे, एकटे अंडे दिसले तर जवळ जाऊ नका, मोबाइलवर फोटो काढत बसू नका, कुत्री बांधा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. गावच्या ग्रुपवर जागा टाकू नका.

प्रश्न : भोरड्यांनी मालदांडी ज्वारीचा हुरडा संपवला. औषध सांगा.
(एक शेतकरी, मंगळवेढा)

औषध नाही, दादा. विषारी दाणे टाकायचे मनातही आणू नका. त्याने भोरड्यांबरोबर तित्तिर, लावे, तुमच्या कोंबड्या मरतील, आणि तो गुन्हाही आहे. भोरडी म्हणजेच पळस मैना, मध्य आशियातून हिवाळ्याला इथे येते. तिथे ती टोळ खाते. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळधाडीवर उपाय म्हणून तिला घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. इथेही ती अळ्या आणि नाकतोडे टिपते, पण दाणा दुधात आला की आपले नुकसान करते, हे मी नाकारत नाही.

नुकसान जास्त कुणाचे होते? ज्याने गावाच्या आधी किंवा नंतर पेरले त्याचे. सगळा थवा त्याच्याच रानावर उतरतो. शिवाराने मिळून एकाच आठवड्यात पेरणी केली तर थवा पांगतो. दाणा दुधात आल्यापासून टणक होईपर्यंतच राखण लागते, तीही सूर्योदयानंतरचे आणि मावळतीआधीचे दोन-दोन तास. शेजाऱ्यांनी पाळ्या लावा, राखणीला मचाण बांधा, गोफण चालवा. चमकत्या फिती लावल्या तर दर तीन-चार दिवसांनी जागा बदला, नाहीतर पाखरे सरावतात. मांजा बांधू नका, त्यात घुबड आणि शिक्रा अडकतात आणि मग उंदीर वाढतात.

प्रश्न : हरभऱ्यात पक्षी थांबे कधी लावायचे? बांधावरचे वाळले गवत जाळू का?
(एक शेतकरी, बार्शी)

थांबे, म्हणजे पाखरांना बसायला रोवलेल्या काठ्या, पेरणीनंतर लगेच लावा, एकरी वीस. पेरताना मूठभर ज्वारी मिसळली तर तिची ताटे हेच फुकटचे थांबे होतात. कोतवाल आणि वेडा राघू त्यावर बसून घाटेअळी आणि तिचे पतंग टिपतात. घाटे पिकू लागले की लावलेले थांबे काढून घ्या. गवत जाळू नका. उन्हाळ्यात चंडोल त्याच बुडख्यांच्या आडोशाला अंडी घालतो. कापून आच्छादन म्हणून टाका, ओलही टिकेल.